विंडोजवर सिसमॉन कसं बसवावं आणि नको झालं तर कसं काढावं

कॉम्प्युटरवर काय काय चाललंय याच्या नोंदी ठेवणारं सिसमॉन बसवायला दोन मिनिटं पुरतात, काढायलाही तेवढीच. घोळ होतो तो काढताना. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत त्याचं नाव येत नाही, म्हणून लोक डाउनलोड केलेला फोल्डर डिलीट करून मोकळे होतात आणि सिसमॉन मागे चालूच राहतं.

मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं हे मोफत साधन २०१४ साली आलं. कोणता प्रोग्रॅम कधी सुरू झाला आणि तो कुणी सुरू केला, याच्या नोंदी ते विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, लिहितं. ते व्हायरस पकडत नाही की अडवत नाही. नोंदी वाचायची तयारी नसेल तर बसवण्याच्या फंदात पडू नका.

झिप फाइल मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या, इतर डाउनलोड साइट टाळा. ती एखाद्या फोल्डरमध्ये उघडा. आत तीन प्रोग्रॅम दिसतील. नेहमीच्या ६४ बिट विंडोजसाठी सिसमॉन६४ वापरायचा. शेवटी ‘ए’ असलेला एआरएम प्रोसेसरसाठी आहे.

आता स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, त्यावर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा आणि सीडी कमांडनं (सीडी, स्पेस आणि फोल्डरचा पत्ता) त्या फोल्डरमध्ये जा. इंग्रजी कीबोर्डवर सिसमॉन६४ टाइप करा, एक स्पेस द्या, मग डॅश आणि त्याला चिकटून ‘आय’. एंटर दाबल्यावर परवान्याची खिडकी येईल, तिथे ‘ॲग्री’. झालं, रीस्टार्टसुद्धा लागत नाही.

नोंदी पाहायला इव्हेंट व्ह्यूअर उघडा. डावीकडे ‘ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’, त्यात मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग सिसमॉन आणि शेवटी ‘ऑपरेशनल’. इव्हेंट क्रमांक १ म्हणजे नवा प्रोग्रॅम सुरू झाला, ५ म्हणजे बंद झाला. क्रमांक १ च्या नोंदीत ‘पेरेंट इमेज’ ही ओळ आधी वाचा; तो प्रोग्रॅम कुठल्या प्रोग्रॅमनं सुरू केला ते तिथे असतं. एक्सप्लोररनं ब्राउझर उघडला तर त्यात नवल नाही. पण वर्डनं पॉवरशेल (कमांड चालवायचं विंडोजचं साधन) उघडलेली दिसली, तर त्या सुमारास कुठली फाइल उघडली होती ते जरूर तपासा.

नेटवर्क जोडणी (इव्हेंट क्रमांक ३) आणि डीएनएस चौकशी, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणं (२२), यांच्या नोंदी हव्या असतील तर काय टिपायचं याचे नियम सांगणारी, एक्सएमएल स्वरूपातली कॉन्फिगरेशन फाइल लागते. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर स्विफ्टऑनसिक्युरिटी या नावानं ठेवलेली फाइल बरेच जण वापरतात. सिसमॉन६४, डॅश सी आणि फाइलचं नाव दिलं की नवे नियम लगेच लागू होतात. नियमांनी काही न गाळता सगळंच टिपायला लावलं तर नोंदींचा नुसता पूर येतो.

एक सावधगिरी: कमांडमध्ये टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा नोंदला जातो, पासवर्डसकट. त्यामुळे ही लॉग फाइल कुणाला पाठवण्याआधी चाळून पाहा.

आता काढण्याबद्दल. जुन्या नोंदी हव्या असतील तर ‘ऑपरेशनल’वर राइट क्लिक करून ‘सेव्ह ऑल इव्हेंट्स ॲज’नं आधी जपून ठेवा. मग पुन्हा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि सिसमॉन६४, स्पेस, डॅश यू. मूळ फोल्डर आधीच डिलीट झाला असला तरी बिघडत नाही, कारण बसवताना प्रोग्रॅमची एक प्रत विंडोज फोल्डरमध्ये गेलेली असते. या कमांडनं मागे चालू राहणारी सिसमॉनची सर्व्हिस आणि सिसमॉनडीआरव्ही नावाचा ड्रायव्हर, दोन्ही निघतात.

खात्रीसाठी स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधून तिथली यादी पाहा, त्यात सिसमॉन६४ दिसायला नको. अर्धवट काढल्यामुळे कमांड अडत असेल तर डॅश यू नंतर एक स्पेस देऊन ‘फोर्स’ लिहा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मात्र सिसमॉन आयटी विभागानंच बसवलेलं असू शकतं. तिथे त्यांना विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नका.