पावसाळ्यात सर्व्हरवरची फाईल
म्हापशात जूनचा पाऊस लागला की वीज आणि नेट लपंडाव खेळतात. रोजचं कोडिंग खुशाल व्हीएस कोड या खिडकी-बटणांच्या एडिटरमध्ये करा. उगाच टर्मिनलचा (म्हणजे टाईप केलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या खिडकीचा) हट्ट नको. दूरच्या सर्व्हरवरची फाईल दुरुस्त करायची तर मात्र टर्मिनलमध्येच चालणारा व्हिम हा एडिटर बरा. कनेक्शन तुटलं तरी त्याची स्वॅप फाईल (सेव्ह न केलेले बदल ठेवणारी तात्पुरती फाईल) सर्व्हरवरच राहते. परत लॉगिन करून तीच फाईल उघडली की व्हिम इशारा देतो. तिथं आर दाबा, बहुतेक काम परत मिळतं. मग सेव्ह करून जुनी स्वॅप फाईल पुसा.

व्हिममधून बाहेर पडता येईना? एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. सेव्ह न केलेले बदल मात्र जातील. (हे ठाऊक नव्हतं तेव्हा मी चक्क टर्मिनलच बंद करायचो.) एखादीच ओळ बदलायची असेल तर नॅनो हा टर्मिनलमधला साधा एडिटर पुरे, त्याच्या कळा खालीच लिहिलेल्या असतात.