कुर्दी पत्रकारितेवर टिपण लिहिताना

नागपुरात धंतोलीच्या पत्रकार भवनातील चर्चेसाठी किंवा महाविद्यालयीन नियतकालिकासाठी कुर्दी वृत्तपत्रांवर टिपण लिहायचे असल्यास प्रथम देश निश्चित करावा, कारण कुर्द लोक राहतात त्या तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरिया येथील कायदे व धोके वेगवेगळे आहेत. पहिले कुर्दी वृत्तपत्र ‘कुर्दिस्तान’ २२ एप्रिल १८९८ रोजी निघाले तेही कैरोत, म्हणजे परक्या भूमीवर. टिपणाची सुरुवात येथून करणे उचित ठरेल.

त्यानंतर एकच प्रकरण सविस्तर घ्यावे. १९९२ मध्ये तुर्कस्तानात सुरू झालेल्या ‘ओझगुर गुंदेम’ या कुर्दी बाजूच्या दैनिकाचे लेखक मुसा अंतेर यांची त्याच वर्षी दियारबाकिरमध्ये गोळ्या घालून हत्या झाली, पुढे त्या दैनिकाची जागा घेणाऱ्या ‘ओझगुर उल्के’च्या इस्तंबूलमधील कार्यालयात डिसेंबर १९९४ मध्ये बॉम्बस्फोट झाला. ‘सरकारनेच केले’ असे सरसकट लिहू नये. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००० मध्ये तुर्कस्तानने ‘ओझगुर गुंदेम’ला पुरेसे संरक्षण दिले नाही, असा निर्णय दिला, तेवढेच नेमकेपणाने नोंदवावे.

कुर्दी शासन असलेला भाग सुरक्षितच असेल, हा समजही तपासावा (आपल्याकडे तो फार लवकर धरला जातो): २०१० मध्ये इराकमधील स्वायत्त कुर्दी प्रदेशाची राजधानी एर्बिल येथून पळवलेल्या सरदश्त उस्मान या तरुण पत्रकाराचा मृतदेह मोसुलमध्ये सापडला.

कुर्दी भागातील कोणी आपल्याशी बोलल्यास त्याचे नाव, गाव आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट छापू नयेत. छायाचित्रातील स्थळाची माहितीही आधी काढून टाकावी.