जुनी गाडी घेताना विम्याचे हस्तांतरण विसरू नका

पहिली गाडी जुनी घेणारे अनेक जण आरसी (गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र) नावावर होण्याची काळजी करतात, पण विमा मूळ मालकाच्याच नावावर राहू देतात, आणि हे फार महागात पडू शकते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १५७ नुसार तृतीय पक्षाचा विमा (आपल्या गाडीमुळे इतरांच्या झालेल्या नुकसानीची भरपाई देणारा) नव्या मालकाकडे आपोआप गेला असे मानले जाते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मात्र तशी मिळत नाही, म्हणून खरेदीपासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करावा. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) विकणाऱ्याचाच राहतो, त्यामुळे त्याच्या फरकाची रक्कम भरण्याची तयारी ठेवावी. आरसीवर कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव असल्यास तिचे ना हरकत प्रमाणपत्र आणि तिने सही केलेला फॉर्म ३५ (आरसीवरील कर्जाची नोंद काढण्याचा अर्ज) हाती येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत.