डिझेल पिकअपचा टायमिंग बेल्ट कधी बदलायचा? नुसता मीटर बघून ठरवू नका

सगळ्यात आधी तुमच्या गाडीला बेल्ट आहे की चेन ते बघा. हसू नका, चेनची गाडी असलेले लोक बेल्टचे रेट विचारत फिरतात आणि बेल्टवाले "आपली चेन आहे, काही बघायला नको" म्हणून निवांत बसतात, दोन्ही प्रकार बघितलेत मी. टोयोटाच्या हायलक्स पिकअपचंच घ्या ना, जुनं ३ लिटरचं वन-केडी इंजिन बेल्टवर चालतं आणि २०१५ ला आलेलं २.८ लिटरचं वन-जीडी चेनवर. नाव तेच हायलक्स. म्हणून मॉडेलच्या नावावर जाऊ नका, इंजिनचा कोड काढा. आणि बाहेर दिसतो तो अल्टरनेटरचा बेल्ट, टायमिंगचा समोरच्या कव्हरच्या आत असतो, यात पण गोंधळ करतात लोक.

आता एवढी भीती कशाला? क्रँक म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो शाफ्ट, कॅम म्हणजे वॉल्व उघडणारा-मिटवणारा शाफ्ट. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, हा हिशोब तो बेल्ट सांभाळतो. डिझेलला कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळे पिस्टन पार वर आला की हेडपर्यंत, म्हणजे वॉल्व बसवलेल्या इंजिनच्या वरच्या भागापर्यंत, जागाच उरत नाही जवळजवळ. बेल्ट तुटला की कॅम जागेवर थांबतो, जे वॉल्व उघडे राहिले ते तसेच उघडे, आणि खालून पिस्टन येऊन ठोकतो. वॉल्व वाकले, रॉकर तुटले, हेड उतरवायची वेळ आली. पेट्रोलच्या काही इंजिनांत नुसती गाडी बंद पडते, बाकी काही होत नाही, पण डिझेलमध्ये ती आशा धरू नका.

मग कधी बदलायचा? गाडीच्या पुस्तकात दोन आकडे असतात, एक किलोमीटरचा आणि एक वर्षांचा, आणि जो आधी संपेल तो खरा. डिझेल पिकअपला साधारण १ लाख ते दीड लाखाच्या आसपास किलोमीटर सापडतील, वर्षांचा आकडा गाडीगणिक वेगळा, तो आपल्याच पुस्तकातून घ्यायचा. सगळे किलोमीटर पाठ करतात आणि वर्ष विसरतात. मी पण विसरलो होतो. माझी पिकअप कमी चालायची, मीटरवर ७० हजार पण नव्हते, मनात म्हटलं अजून बराच वेळ आहे, आणि गाडी नऊ वर्षांची होती हे डोक्यातच नाही. एका सकाळी सेल्फ मारला, टक्क आवाज आला आणि मग सेल्फ एकदम हलका फिरायला लागला. बेल्ट तुटला होता. तो हलका आवाज ज्याने ऐकलाय त्याला पुढचं सांगायला नको. रबर आहे ते, गाडी उभी असली तरी म्हातारं होतंच.

दुसरी भानगड म्हणजे उभं इंजिन. पिकअप कामाची गाडी, माल भरताना चालू, साइटवर एसी लावून चालू, पंप किंवा विंच चालवायला चालू. मीटर हलत नाही पण बेल्ट फिरतोच आहे. आयडलचा एक तास म्हणजे ४०-५० किलोमीटर असं ढोबळ धरून चला, रोज दोन तास उभी चालत असेल तर वर्षाला तीसेक हजार किलोमीटर असेच वाढतात हिशोबात. त्यात धूळ, चिखल, पाण्यातून नेणं, कायम ओव्हरलोड, असं असेल तर पुस्तकात कठीण वापराचा वेगळा आकडा आहे का बघा, आणि नसला तरी आधीच बदला. एवढी वाट बघून वाचतं काय?

"कव्हर उघडून बघितला, बेल्ट चांगला दिसतोय" हे मला कोणी सांगू नका. भेगा, झिजलेले दात, सुटलेले धागे, ऑइल लागलेलं दिसलं तर लगेच बदलाच, पण काही दिसलं नाही म्हणजे चांगला आहे असं नाही. ताकद आतल्या दोऱ्यांत असते आणि ते बाहेरून दिसत नाहीत. चेन निदान खडखडते तरी, बेल्ट बिचारा गप्प राहतो आणि गप्पच जातो. बेल्टला ऑइल लागलं असेल तर आधी कुठलं सील गळतंय ते शोधा, नाहीतर नवा पण तसाच खराब होईल.

बदलताना एकटा बेल्ट टाकू नका प्लीज. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याला वाट दाखवणारी आयडलर पुली सोबतच, कारण त्यांचं बेअरिंग जाम झालं की नवा कोरा बेल्ट पण गेला. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही घ्या, कॅम आणि क्रँकची सील बघून घ्या, एकदा सगळं उघडलंच आहे. मित्सुबिशी एल२०० वगैरेमधल्या फोर-डी-५६ इंजिनला बॅलन्स शाफ्टचा (इंजिनची थरथर कमी करणाऱ्या शाफ्टचा) वेगळा छोटा बेल्ट असतो, तो तुटून टायमिंगच्या बेल्टमध्ये अडकला की टायमिंगचाही जातो, म्हणून दोन्ही एकदम.

काम मेकॅनिककडूनच करून घ्या, पण समोर उभे राहा. मार्किंग, म्हणजे पुलींवरच्या टायमिंगच्या खुणा, जुळवून बेल्ट चढवला की लगेच सेल्फ मारायचा नाही, क्रँक हाताने पान्याने पूर्ण दोन फेरे फिरवायचा आणि मार्किंग परत जुळतंय का बघायचं. मध्ये कुठे अडकलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं, काहीतरी चुकलंय. एक दात जरी पुढेमागे झाला तरी गाडी धूर मारते, पिकअप देत नाही. आणि चालत्या गाडीत बेल्ट तुटल्याची शंका आली तर परत परत सेल्फ मारून बघू नका, जे वॉल्व वाचले असतील ते पण वाकवाल, सरळ टो करा.

जुनी गाडी घेत असाल आणि मालक म्हणाला "मागच्याच वर्षी बदललाय", तर बिल मागा. बिल नाही म्हणजे बदललेला नाही असं धरायचं. काही टोयोटा डिझेलना डॅशवर टी-बेल्टचा दिवा असतो, पण तो नुसते किलोमीटर मोजतो, बेल्टची तब्येत त्याला कळत नाही, शिवाय बेल्ट न बदलता पण रिसेट करता येतो. तुम्ही बदलाल तेव्हा तो दिवा रिसेट करून घ्या आणि कव्हरवर मार्करने किलोमीटर आणि तारीख दोन्ही लिहून ठेवा.