देणाऱ्यालाही ऑडिट असतं

सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी हेडक्लार्क होतो. गेल्या मेमध्ये निवृत्त झालो, तरी संस्थेचे सचिव आठवड्यातून दोनदा फोन करतात, कारण ‘ती सीएसआरची फाइल’ कुठल्या कपाटात आहे ते मलाच ठाऊक. सीएसआर म्हणजे कंपन्यांनी कायद्यानं आपल्या नफ्यातून समाजकामावर खर्चायची रक्कम. आजूबाजूच्या शाळांचे मुख्याध्यापकही विचारतात, ‘काका, कंपनीकडून पैसे कसे आणायचे?’ प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढतो. वेतनेतर अनुदानात खडू आणि वीजबिल भागलं तरी नशीब, हे काही वेगळं सांगायला नको.

आम्ही पहिल्या वर्षी काय केलं ते आधी ऐका, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. संगणक कक्ष, प्रयोगशाळा, कंपाउंड, क्रीडांगण, मुलींचं स्वच्छतागृह, सगळं एकाच अर्जात कोंबलं. बेरीज ६२ लाख. सुरुवातीची चार पानं संस्थेच्या उज्ज्वल परंपरेची. तीस प्रती काढल्या आणि तीस कंपन्यांना रजिस्टर एडीनं पाठवल्या. पोचपावत्या सगळ्या परत आल्या. त्या मी अजून जपून ठेवल्यात, कारण त्या अर्जातून शाळेला तेवढंच मिळालं.

दुसऱ्या वर्षी एका कंपनीची दोन माणसं खरोखर आली. चहापाणी झालं. त्यातल्या मॅडमनी ट्रस्टच्या परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीचा, उतारा हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘अध्यक्षांना भेटता येईल का?’ मुख्याध्यापक माझ्याकडे बघायला लागले, मी छताकडे. उताऱ्यावर ज्यांचं नाव होतं ते अध्यक्ष वारून सहा वर्षं झाली होती. नवीन अध्यक्ष निवडून आले, हार घातले, पेपरात फोटो आला. पण फेरफार अर्ज कुणी दाखलच केला नव्हता. बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. चूक सर्वस्वी आमची. त्या मॅडम भल्या होत्या. जाताना एवढंच म्हणाल्या, ‘सर, आम्हालाही ऑडिट असतं हो.’

त्या एका वाक्यानं माझ्या डोक्यात उजेड पडला. तोवर आम्ही कंपनीकडे दानशूर म्हणून बघत होतो. कंपनीच्या बाजूला आपल्यासारखाच एक कारकून बसलेला असतो, त्याला फाइल पुरी करायची असते. त्याची फाइल आपण सोपी केली की निम्मं काम झालं.

म्हणून सुरुवात कपाटापासून. ट्रस्टचं नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्ट एकचा ताजा उतारा, ट्रस्टच्या नावाचं पॅन, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, आयकराचे १२ए (ट्रस्टला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) हे दाखले. हे शेवटचे दोन जुने असले तर मुदत तपासा. २०२१ पासून ती नोंदणी कायमची राहिलेली नाही, नूतनीकरण करावं लागतं, आणि जुनं फ्रेम केलेलं प्रमाणपत्र भिंतीवर लावून बसलेल्या संस्था मी पाहिल्यात. हे झालं की सीएसआर-१ हा फॉर्म. १ एप्रिल २०२१ पासून कंपनीचा सीएसआर निधी राबवणाऱ्या संस्थेला तो भरावाच लागतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर भरायचा, सचिवांची किंवा विश्वस्ताची डिजिटल सही लागते आणि सीएचं प्रमाणीकरण. मग CSR या तीन अक्षरांनी सुरू होणारा नंबर मिळतो. तो लेटरहेडवर छापून घ्या. आमच्याकडे लेटरहेडवर संस्थापकांचं सुभाषित होतं. ते थोडं बारीक केलं आणि नंबर बसवला. शिवाय स्वतंत्र संस्थेला अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, तेव्हा शिष्यवृत्ती वाटप, वाचन शिबिर, वृक्षारोपण जे काही केलं असेल त्याचे फोटो आणि खर्चाची पानं फेकू नका.

आता मागायचं कुणाकडे? कंपनी कायदा २०१३, कलम १३५. आधीच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीचं नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी) ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी असेल, यातलं कुठलंही एक, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामावर खर्चावी लागते. शिक्षण त्या कामांच्या यादीत आहेच. सरासरी नफा ५ कोटी असेल तर होतात १० लाख. हा आकडा माझ्या फार उपयोगी पडला. सगळे मोठ्या नावांच्या मागे धावतात. आणि एमआयडीसीतल्या अशा मध्यम कंपनीला मार्च जवळ आला तरी १० लाख कुठं द्यावेत ते सुचत नसतं. शिवाय ज्यांची सीएसआर रक्कम ५० लाखांपेक्षा जास्त नाही त्यांना वेगळी समिती नेमावी लागत नाही, निर्णय थेट संचालक मंडळ घेतं. म्हणजे बऱ्याचदा मालक आणि त्यांचा मुलगा.

कायदा असंही सांगतो की कंपनीनं आपल्या कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. म्हणून नकाशा घेऊन बसा. सातारा जिल्ह्यात फलटणला कमिन्स आहे, खंडाळ्याकडे एशियन पेंट्स. आपल्याकडे पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी, कुपवाडची एमआयडीसी. तुमच्या शाळेपासून तीस-चाळीस किलोमीटरचा फेर धरा आणि त्यातल्या प्रत्येक कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. अहवालात सीएसआरचं परिशिष्ट असतं: कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या कामाला किती आणि कुठल्या संस्थेमार्फत. राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवरही कंपनीवार, राज्यवार आकडे दिसतात. त्या परिशिष्टातला ‘कुठल्या संस्थेमार्फत’ हा रकाना नीट वाचा. बऱ्याच कंपन्या शाळेला थेट देत नाहीत, ठरलेल्या एखाद्या संस्थेला देतात. मग अर्ज कंपनीला करण्यापेक्षा त्या संस्थेला गाठलेलं बरं. ‘आमची शाळा तुमच्या कार्यक्रमात घ्या’ एवढंच म्हणायचं.

एक गोष्ट आपल्या भागातली. साखर कारखाना सहकारी असेल तर तो कंपनी नाही, सहकार कायद्याखाली येतो. त्याला कलम १३५ लागू नाही. सहकारी बँकेचंही तसंच. तिथं जाऊन ‘तुमचा सीएसआर’ म्हणालात की समोरचा हसतो. माझ्यावर हसलाय. तिथं संचालक मंडळाचा ठराव लागतो, आणि त्यासाठी गावातला संचालक. खाजगी कारखाना, प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर मात्र कायदा लागू.

मोठ्या फाउंडेशनांचं गणित निराळं. टाटा ट्रस्ट्ससारखी मंडळी एका शाळेच्या भिंतीचा विचार करत नाहीत, त्यांच्या डोक्यात कार्यक्रम असतो: शंभर शाळांत वाचन, शिक्षक प्रशिक्षण, असं. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ सालचा. त्याच वर्षी आपल्या कराडजवळ काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि तिच्यासाठी बायाबापड्यांनी घरोघरी मूठमूठ धान्य बाजूला काढलं. दोन्ही मार्ग अजून चालू आहेत, त्यातल्या दुसऱ्याकडे मी शेवटी येतो. मोठ्या फाउंडेशनकडे जायचंच असेल तर आपल्या केंद्रशाळेखालच्या पाच-सात शाळांनी मिळून जा.

तिसऱ्या वर्षी आम्ही एकच गोष्ट मागितली. प्रयोगशाळा. तीही अख्खी नाही. प्रस्तावाची सुरुवात इथं देतो, हवी तर उतरवून घ्या:

‘आमच्या शाळेत इयत्ता नववी व दहावीचे १६३ विद्यार्थी आहेत. सूक्ष्मदर्शक पाच आहेत, पैकी वापरण्याजोगे दोन. एका तासिकेत एका विद्यार्थ्याच्या वाट्याला सूक्ष्मदर्शक एक मिनिटही येत नाही. दहा सूक्ष्मदर्शक, तयार काचपट्ट्यांचे चार संच व दोन कपाटे यांसाठी जीएसटीसह रुपये १,४७,६५० अपेक्षित आहेत. तीन दरपत्रके व तुलनात्मक तक्ता सोबत जोडला आहे.’

बस्स. परंपरा नाही, ‘ग्रामीण भागातील गोरगरीब’ नाही. एकूण दोन पानं. दुसऱ्या पानावर तीनच गोष्टी: वस्तू कोण सांभाळणार, वर्षभरात किती प्रयोग होणार, आणि तुम्हाला अहवाल कधी मिळणार. रक्कम गोल करू नका. दीड लाख लिहिलं तर वाटतं अंदाजानं ठोकलंय. १,४७,६५० वाचलं की समोरच्याला दरपत्रक दिसतं.

पाहणीला कंपनीचे एक तरुण साहेब आले. प्रयोगशाळेत गेले, सवयीनं एक सूक्ष्मदर्शक उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि डोळा लावला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘यात बुरशी चांगली दिसतेय, कुठली स्लाइड आहे?’ स्लाइड नव्हती, भिंगालाच बुरशी धरली होती. विज्ञानाच्या बाईंनी तोंडाला पदर लावला. ते साहेबही हसले, आणि मला कळलं की काम झालं. म्हणून सांगतो, पाहणीच्या आदल्या दिवशी शाळा रंगवू नका. मोडकं ते मोडकं दिसू द्या. रांगोळी काढा हवी तर.

काय मागू नये तेही सांगतो. स्नेहसंमेलन, क्रीडा स्पर्धा, बक्षीस समारंभ असले एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरत नाहीत. कंपनीच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिपही नाही. बॅनरवर लोगो छापतो म्हणून पैसे मागायला गेलात तर ती कंपनीच्या जाहिरात खात्याची बाब, सीएसआरवाल्यांची नव्हे.

वेळेचं बघा. कंपनीचा वर्षाचा आराखडा साधारण वर्षारंभी मंजूर होतो, तेव्हा मोठं काम असेल तर डिसेंबर-जानेवारीतच प्रस्ताव त्यांच्या टेबलावर हवा. शिवाय दोन-तीन लाखांचा एक छोटा प्रस्ताव, दरपत्रकांसह, कायम तयार ठेवा. वर्षअखेर शिल्लक राहिलेली आणि कुठल्याही चालू प्रकल्पाला न बांधलेली रक्कम कंपनीला सहा महिन्यांच्या आत सरकारी निधीत भरावी लागते. त्यापेक्षा शेजारच्या शाळेला दिलेली बरी, असं पुष्कळांना वाटतं. आमचा फोन फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आला. ‘दरपत्रकाची मुदत संपलीय, नवीन देता का?’ संध्याकाळी पाचच्या आत दिली. विट्यातल्या त्या दुकानदाराला अजून माझा नमस्कार आहे.

पैसे आल्यावर खरी कारकुनी. स्वतंत्र खातेवही, चेकनंच खर्च, प्रत्येक वस्तूची डेडस्टॉक (टिकाऊ वस्तूंच्या) रजिस्टरला नोंद आणि वस्तूवर पांढऱ्या रंगानं तोच नंबर. बिलं, फोटो, सीएच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र. ते मागायच्या आधी द्या. आणि सहा महिन्यांनी, कुणी मागितलं नसताना, एक पानाचं पत्र. आमच्या पत्रात लिहिलं होतं की ३१ प्रयोग झाले, सात काचपट्ट्या फुटल्या, एक आरसा सैल झाला तो शिपायानं बसवला. फुटलेल्या काचपट्ट्या लिहू नका म्हणून मुख्याध्यापक अडून बसले होते. मी लिहिल्या. पुढच्या वर्षी त्याच कंपनीनं पाण्याची टाकी आणि मुलींच्या स्वच्छतागृहाचे नळ दिले.

जिल्हा परिषदेची शाळा असेल तर तिच्याकडे ट्रस्ट नाही, सीएसआर-१ नाही. घाबरू नका. कंपनी स्वतः वस्तू घेऊन देऊ शकते, किंवा सीएसआर-१ असलेल्या संस्थेमार्फत. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करा, शाळा विकास आराखड्यात ती गरज आधी लिहिलेली असू द्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवा. केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टल सरकारी आणि अनुदानित शाळांसाठीच आहे. यू-डायस या शाळेच्या सरकारी क्रमांकानं नोंद करून काय हवं ते टाकता येतं.

आणि आता मुठीचं. खानापूर-आटपाडीत कुठल्याही गावात जा, निम्मी घरं गलाईची. सोनं-चांदी गाळायला गेलेली आमची पोरं तामिळनाडूपासून पंजाबापर्यंत पसरलीत. यात्रेला सगळे येतात, देवळाच्या कळसाला सढळ हातानं देतात, शाळेला कुणी मागतच नाही. आम्ही यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पंगतीच्या आधी, माजी विद्यार्थ्यांना शाळेत बोलावलं आणि एक पाटी लावली: बाक २,९०० रुपये, पंखा १,८५०, पुस्तकांचा संच ६००. ज्यानं त्यानं आपापलं उचललं. दोन हजारांच्या वर रोख दिली तर त्यावर ८०जीची सवलत मिळत नाही, म्हणून क्यूआर कोड लावला होता. देणाऱ्याचं पॅन तिथंच लिहून घ्या. पुढं ३१ मेपर्यंत १०बीडी हे विवरण भरावं लागतं, त्याशिवाय त्याला १०बीई प्रमाणपत्र देता येत नाही, आणि मग तो पुढच्या यात्रेला तुम्हाला गाठतो.

परदेशातल्या माजी विद्यार्थ्याचा फोन आला तर आधी विचारा: पासपोर्ट कुठला? भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर हरकत नाही. नागरिकत्व तिकडचं घेतलं असेल तर ती विदेशी देणगी. विदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या (एफसीआरए) नोंदणीशिवाय एक रुपयाही खात्यात घेऊ नका. आमच्या एका विद्यार्थ्यानं अशीच मोठी रक्कम देऊ केली होती. मी त्याला म्हटलं, थांब, तुझ्या धाकट्या भावाचं विट्यात दुकान आहे ना? त्यानं स्वतःच्या कमाईतून जमेल तेवढं द्यावं. भाऊ आला, सहा बाक लिहून गेला आणि पावती मागायला विसरला. पावती मी दुकानात नेऊन दिली, पावतीपुस्तकात सही घेतली.