लॅमिनेट फेल होतं म्हणजे नेमकं काय होतं? कॉम्पोझिटमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

बडोद्याच्या कलाभवनात (इंजिनिअरिंग कॉलेजात) मेकॅनिकल करणारी दांडिया बाजारातली ओळखीची मुलं अधूनमधून घरी येतात. प्रश्न ठरलेला: "काका, लॅमिनेटला फेल्युअर क्रायटेरिया कुठला लावायचा?" लॅमिनेट म्हणजे तंतू आणि रेझिनचे थर, म्हणजे प्लाय, एकावर एक चिकटवून केलेला पत्रा; आणि क्रायटेरिया म्हणजे तो कधी तुटेल हे ठरवायचा नियम. सॉफ्टवेअरमध्ये त्साय-वू नावाचा क्रायटेरिया निवडून रंगीत चित्रं काढून झालेली असतात. मी विचारतो, लाल दिसतंय तिथे तुटलं काय? तिथेच गाडी अडते.

स्टीलला फॉन मिझेस हा एकच क्रायटेरिया लावून भागतं. इथे तंतू तुटू शकतात, रेझिन तडकू शकतं किंवा थर एकमेकांपासून सुटू शकतात. कार्बन-इपॉक्सीची प्लाय तंतूंच्या दिशेने 1500 ते 2000 मेगापास्कल सहज सोसते, आडवी ओढली की 50च्या आसपास गळपटते. त्यामुळे आधी आडव्या प्लाय जातात, आणि पुढचा भार बाकीच्यांवर येतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर काच-इपॉक्सीचा 0/90 कूपन (चाचणीची पट्टी; 0च्या प्लायचे तंतू ओढीच्या दिशेने, 90च्यांचे आडवे) टेन्साइल मशीनवर लावा आणि मागून दिवा धरा. काचेचं लॅमिनेट अर्धपारदर्शक, सगळं दिसतं. अर्धा टक्का स्ट्रेनच्या (लांबीतल्या वाढीच्या) आतबाहेर बारीक टिकटिक सुरू होते, रुंदीभर सरळ पांढुरक्या रेघा उमटतात आणि हळूहळू दाटत जातात. 90च्या प्लाय तडकल्या. कूपन मात्र भार घेतच राहतो. 0चे तंतू तुटायला 2 टक्क्यांच्या आसपास जावं लागतं. आता यातलं फेल्युअर कुठलं? मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यासाठी ॲसिडची टाकी बनवत असाल तर पहिली टिकटिकच, कारण त्या चिरांतून ॲसिड आत शिरणार. नुसता भार पेलणारा ब्रॅकेट असेल तर पुढे जायला वाव आहे. हे सॉफ्टवेअर ठरवत नाही, तुम्ही ठरवायचं.

त्साय-वू 1971चा. सगळे स्ट्रेस एकाच समीकरणात घालतो, वापरायला सोपा, पण काय तुटलं ते सांगत नाही. शिवाय दोन्ही दिशांनी नुसती ओढ असली तरी कॉम्प्रेशन स्ट्रेंग्थचा आकडा बदलला की त्याचं उत्तर हलतं! हाशिनने 1980 मध्ये तंतू आणि रेझिन वेगळे काढले. नवख्याने तिथून सुरुवात करावी असं माझं मत. त्याआधी चार प्लायचं एबीडी मॅट्रिक्स (सगळ्या लॅमिनेटचा ताठपणा मांडणारं कोष्टक) एकदा एक्सेलमध्ये स्वतः मांडा. कंटाळवाणं आहे, पण करा.

हिंटन, सोडन आणि कद्दूर यांनी 'वर्ल्ड-वाइड फेल्युअर एक्सरसाइज'मध्ये ज्यांनी थिअऱ्या मांडल्या त्यांनाच अंदाज करायला बसवलं आणि चाचण्यांचे निकाल नंतर दाखवले. 1998 ते 2004 दरम्यान ते छापून आलं. रथी-महारथींच्या उत्तरांतही मोठी तफावत होती, विशेषतः पहिली चीर कधी पडेल यात. तेव्हा तुमचं उत्तर टेस्टशी जुळलं नाही म्हणून खचू नका. उलट पहिल्याच फटक्यात तंतोतंत जुळलं तर इनपुट पुन्हा तपासा.

इनपुटवरून आठवलं. पुस्तकातली आडवी स्ट्रेंग्थ सुट्या एकदिशा कूपनवर मोजलेली असते. तीच पातळ प्लाय लॅमिनेटच्या पोटात असली की शेजारचे थर तिला धरून ठेवतात आणि ती उशिरा तडकते. कडेला मात्र वेगळाच खेळ: थरांमधले स्ट्रेस साध्या लॅमिनेट थिअरीत येतच नाहीत. पाइप्स आणि पगानो यांनी 1970 मध्येच ते दाखवलं होतं. भोकं आणि कापलेल्या कडा भिंगाने बघत जा.

आणि हो, टेस्टिंग लॅबमध्ये काम मिळत असेल तर नाक मुरडू नका. कूपन ग्रिपपाशी तुटला की मधे, टॅब (टोकाला चिकटवलेला तुकडा) सुटला का, कॉम्प्रेशनमध्ये खरंच चिरडला की नुसता वाकला, हे तिथेच कळतं. हँड ले-अपमध्ये (हाताने थर रचताना) रोलर नीट फिरला नाही तर हवेचे बुडबुडे राहतात आणि पुस्तकातला आकडा पुस्तकातच राहतो. म्हणून कूपन आपल्याच शॉपमधल्या पॅनेलमधून कापून घ्या, आणि तुटलेले तुकडे फेकण्याआधी नंबर टाकून फोटो काढून ठेवा.