रेडियम-फ्लेक्सच्या कामात उतरताय? आधी कटर घ्या, प्रिंटर नंतर

बरेच जण विचारतात की प्रिंटर आणि कटर दोन्ही एकदम घेऊ का, तर माझं मत पक्कं आहे, आधी कटर, म्हणजे व्हिनाईल (स्टिकरचा चिकट प्लास्टिक रोल) अक्षरांच्या आकारात कापणारं मशीन. सांगलीत हे काम करताना नवीन पोरांना मी हेच सांगतो. कारण कटर आठवडाभर झाकून ठेवला तरी त्याला काही होत नाही पण इको-सॉल्व्हंट (सॉल्व्हंटच्या शाईवर चालणारा) प्रिंटर रोज चालवावाच लागतो, नाहीतर हेडमध्ये, म्हणजे शाई फवारणाऱ्या भागात, शाई सुकते, आणि हेड हा मशीनमधला सगळ्यात महागाचा पार्ट. रोज थोडंतरी प्रिंटिंग निघेल एवढी गिऱ्हाईकं जमेपर्यंत प्रिंट बाहेरून जॉबवर्कवर काढून घ्या, कटिंग आणि पेस्टिंग स्वतः करा.

कटरवर सगळा खेळ ब्लेड आणि प्रेशरचा. साध्या व्हिनाईलला ४५ डिग्रीचं ब्लेड, जाड रिफ्लेक्टिव्हला (उजेड पडला की चमकणाऱ्याला) ६० डिग्रीचं. साधं व्हिनाईल ८० ते १०० मायक्रॉनचं असतं, म्हणजे ब्लेडचं टोक होल्डरच्या बाहेर अगदी जेमतेम दिसलं पाहिजे. ऑफसेट, म्हणजे ब्लेडचं टोक त्याच्या मधल्या अक्षापासून किती बाजूला आहे ते अंतर, बहुतेक ब्लेडला ०.२५ मिमी. प्रत्येक नवीन रोल लावला की टेस्ट कट घ्यायचाच, छोटा चौकोन कापून सोलून बघा, व्हिनाईल सुटलं पाहिजे आणि मागच्या कागदावर फक्त पुसटसा ओरखडा दिसला पाहिजे. कागद फाटत असेल तर प्रेशर कमी करा. कोपरे गोल यायला लागले तर ऑफसेट कमी पडतोय, कोपऱ्याला शिंग फुटल्यासारखं दिसत असेल तर जास्त झालाय.

आता मराठी अक्षरांचं, हे नीट वाचा कारण बहुतेक व्हिडिओ इंग्रजी अक्षरांवर शिकवतात आणि तिथे हा प्रश्नच फारसा येत नाही. आपल्या फॉन्टमध्ये एका अक्षराची शिरोरेघ पुढच्या अक्षरावर थोडी चढलेली असते, मात्रा-वेलांट्यांचंही तेच. प्रिंटला ते दिसत नाही पण कटर बिचारा प्रत्येक रेघ कापतो, मग 'श्री गणेश' सोलायला घेतलं की शिरोरेघेचे तुकडे हातात. म्हणून कोरलमध्ये (कोरलड्रॉ, डिझाईनचं सॉफ्टवेअर) मजकूर लिहून झाला की कंट्रोल क्यू करून कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात, मग सगळं वेल्ड करा, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार जोडून एक होतात, आणि वायरफ्रेममध्ये (फक्त बाह्यरेषा दाखवणाऱ्या व्ह्यूमध्ये) बघा की आत कुठे आडवी रेघ राहिली नाही ना. शुद्धलेखन कर्व्ह करायच्या आधी गिऱ्हाईकाकडून तपासून घ्यायचं, नंतर अक्षर बदलता येत नाही. जादा भाग सोलताना वर ओढायचा नाही, मागे दुमडून तिरका ओढायचा, नाहीतर अनुस्वार आणि नुक्ते त्याच्यासोबत निघून जातात. एक इंचापेक्षा लहान जोडाक्षरं मी तरी कापत नाही, ती प्रिंटच करावी.

नंबरप्लेटच्या भरवशावर मात्र धंदा उभा करू नका. १ एप्रिल २०१९ पासून नवीन गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे सरकारमान्य कंपनीकडूनच मिळणारी हाय सिक्युरिटी प्लेट, सक्तीची झाली आणि महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही लागू झाली. दुकानाच्या काचा, टेम्पोवरची नावं, ऑफिसच्या काचेवरची फ्रॉस्टेड (धूसर) फिल्म, शाळेच्या भिंती, काम इथे आहे.

प्रिंटर आल्यावर सकाळचं पहिलं काम नोझल चेक, म्हणजे हेडच्या सगळ्या बारीक छिद्रांतून शाई येते का हे दाखवणारा रेघांचा टेस्ट प्रिंट. रेघा तुटक दिसल्या तर साधं क्लीनिंग करा, पण एकामागून एक क्लीनिंग मारत बसू नका, शाई वाया जाते, त्यापेक्षा कॅप (हेडचं झाकण) आणि वायपर (हेड पुसणारी पट्टी) लिंट-फ्री, म्हणजे धागे न सुटणाऱ्या, स्वॅबने पुसून थोडं थांबा. पावसाळ्यात व्हिनाईलच्या कडा उचलतात आणि हेड त्याला घासतं, म्हणून रोल उघडा ठेवू नका, कडा दाबून धरणारे क्लॅम्प लावा आणि जॉब सुरू झाल्यावर पहिली दोन-चार फूट मशीनसमोर उभं राहा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, आमच्याकडे लाईट कशी येते-जाते माहितीये ना, त्यामुळे यूपीएस पण हवाच.

प्रिंट निघाल्या निघाल्या लॅमिनेशन (वरून पारदर्शक फिल्म) करायची घाई सगळे करतात, गिऱ्हाईक दारात उभं असतं ना. पण शाईतलं सॉल्व्हंट उडायला किमान २४ तास द्या आणि रोल घट्ट गुंडाळून नाही, सैल ठेवून. ते आत अडकलं की गम मऊ पडतो आणि काही दिवसात कडा सुटतात.

रेट काढताना जॉबचे स्क्वेअर फूट धरू नका, वापरलेला माल धरा. चार फुटी रोलवर तीन फुटी जॉब एकटा टाकला तर बाजूची एक फूट पट्टी जातेच, तिथे दुसऱ्याचे स्टिकर बसवता आले तर तुमचा फायदा. लोगो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून येतो आणि फुटतो, डॉक्युमेंट म्हणून मागवा, जमलं तर सीडीआर (कोरलची फाईल) किंवा पीडीएफच. नाहीतर परत ट्रेस करायला लागतो आणि त्याचे पैसे वेगळे सांगायचे, लाजायचं नाही.

सेकंडहँड प्रिंटर बघायला जाल तेव्हा समोर नोझल चेक काढायला लावा, मग चारही रंगांचे भरीव पट्टे सलग छापून शेवटी परत एकदा नोझल चेक, कारण पहिल्यांदा पूर्ण येणाऱ्या रेघा सलग प्रिंटनंतर गळतात का ते तिथेच कळतं. मालक म्हणाला आत्ता शाई नाही, तर शाई भरल्यावर परत जा, तोपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका.